यादीतलं पहिलं नाव

"हे कोणाचं गाणं हाय, प्रसेनजित?"

मुख्याध्यापक उदयसिंग सरांनी मोबाइल टेबलावरून पुढं सरकवला. पडद्यावर प्रसेनजितच्या बापाचा, देवमनचा, फोटो होता, हातात खंजिरी. फोटोखालचं बटण सरांनी दाबून ठेवलं होतं, आणि भर दुपारी शाळेच्या ऑफिसात देवमन गात होता, 'पाटी घे रे लेका, ओझं मी घेतो.'

"आमच्या बाबाचं, सर."

"ते दिसून राह्यलं. पण पालक प्रवेशाचा फॉर्म उघडाले जातात, अन् हे लागते. संस्थेतून दोनदा फोन आला मले. शायेच्या पत्त्यावर हे कोणाचं गाणं, म्हणे."

'कोणाचं' या शब्दावर सरांनी जोर दिला नाही. तो फोनवरच देऊन झाला असावा.

कारंज्याच्या या शाळेत प्रसेनजित बावीस वर्षं कारकून होता. जे काम कोणाचंच नाही ते कारकुनाचं, हा तिथला नियम. तेव्हा वेबसाइटही त्याच्याच गळ्यात पडली. भंगारात निघालेला एक कॉम्प्युटर त्यानं झाडूनपुसून उभा केला. त्यावर शाळेची साइट ठेवली, वाचनालयाची ठेवली, आणि सरांना विचारून एका कोपऱ्यात बाबांची. देवमन गावोगाव गाऊन गेला आणि मागं अकरा कॅसेटी ठेवून गेला. टेप चिकटून जायच्या आत प्रसेनजितनं त्या उतरवून घेतल्या.

इंटरनेटची जोडणी एक आणि साइट तीन, म्हणून पुढं रिव्हर्स प्रॉक्सी बसवावा लागला. तो म्हणजे दारावरचा शिपाई. येणारा कोणाचं नाव घेतो ते ऐकायचं आणि त्या खोलीत धाडायचं, एवढंच त्याचं काम. पण ते त्याला शिकवण्यात प्रसेनजितचे तीन रविवार गेले होते.

तो कॉम्प्युटरपुढं बसला आणि नोंदी उघडल्या. सकाळपासून एकोणचाळीस जण बाबांच्या पानावर येऊन गेले होते. महिनाभर रोज येतच होते. रोज संध्याकाळी तो आईला आकडा सांगायचा, आणि चंपाबाई तो विहारात बायकांना सांगायची. 'आमच्या याईले आता कुठून कुठून आयकतात,' म्हणायची. घरात बऱ्याच वर्षांनी काहीतरी चांगलं चाललं होतं.

ही माणसं कोणतं नाव टाकून आली, ते त्यानं आज पहिल्यांदा पाहिलं. शाया. शाया. पुन्हा शाया. एकोणचाळीस वेळा शाया.

वऱ्हाडात 'ळ' तोंडात टिकत नाही. केळी केयी होते, डोळा डोया होतो, शाळा शाया होते. पत्ता होता इंग्रजी अक्षरांत 'शाला', आणि तो ऑफिसच्या खिडकीतून पालकांना सांगत होता स्वतः प्रसेनजितच. लोकांनी ऐकलं तसं टाकलं. तिन्ही साइटींच्या पत्त्याचं शेपूट एकच, तेव्हा पुढं काहीही टाकलं तरी माणूस याच दारात यायचा. हे नाव शिपायाच्या ओळखीचं नाही. अनोळखी माणूस आला की त्याला यादीतल्या पहिल्या खोलीत पाठवायचं, ही शिपायाची खोड, आणि इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं देवमन पहिला. उभ्या जन्मात बापाचं नाव कोणत्या यादीत पहिलं आलं, तर ते असं.

म्हणजे ऐकायला कोणी आलंच नव्हतं. सगळे वाट चुकलेले. प्रसेनजितला एकाएकी फार थकल्यासारखं झालं. खुर्चीतून उठूच नये असं वाटलं.

"काढून टाका म्हणतात संस्थेवाले," सर मागं येऊन उभे राहिले. "मी म्हटलं, काढाचं कायले? फक्त शायेच्या लोकाईले दिसू नोको देऊ."

"चूक माहीच हाय, सर. मीच खिडकीतून शाया म्हणतो."

"मंग मी काय म्हणतो?" सर म्हणाले, आणि दोघंही थोडं हसले.

काम दोन मिनिटांचं होतं. शाळेच्या नावापुढं त्यानं 'शाया' हे दुसरं नाव जोडलं. आणखी काही वेडंवाकडं नाव आलं तर कुठंच पाठवू नको, असं लिहिलं. यंत्रणा पुन्हा चालू केली. सरांनी मोबाइलवर शाया टाकून पाहिलं. प्रवेशाचा फॉर्म उघडला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चंपाबाई ओट्यावर अंबाडीची भाजी निवडत होती. "आज किती आले?" तिनं विचारलं.

"दोन."

तिचा हात थांबला. मग त्यानं सगळं सांगितलं. खोटा आकडा सांगायचं सायकलवर दोनदा मनात आलं होतं, पण आईपुढं जीभ वळली नाही.

"म्हंजे एवढे दिवस ते शायेसाठी येत?"

"हो, माय."

"अन् हे आजचे दोघं? तेबी चुकूनच?"

"नाई. त्याईनं नाव बरोबर टाकलं. देवमनच."

"मुद्दाम आले."

"हो."

चंपाबाईनं एक काडी मोडली, पानं तोडली. "एक तं मीच," ती म्हणाली. "दुपारी शेजारच्या रूपानं मोबाइलवर लावून देल्लं मले. अन् दुसरा कोण?"

प्रसेनजितनं खाली मान घातली. "मी. चालू हाय का बंद पडलं, ते पाह्यलं."

भाजी निवडून झाली, तेव्हा ताट उचलत म्हणाली, "मंग उद्याबी दोन झाले पायजे. कमी नोको होऊ देऊ."