बाटलीभर पाणी

"बंद! बंद कर, कोम्पाद्रे! वाफा भरला!"

ओतीलियाचा आवाज असा की नदीपल्याडच्या बकऱ्याही चरायच्या थांबायच्या. बेलार्मिनोनं कळ दाबली. इंजिन दोनदा खोकलं आणि गप झालं. त्यानं नळीला लावलेली बाटली काढून उन्हात धरली. तळाशी बोटभर डिझेल उरलं होतं. ओतीलियानं ती त्याच्या हातातून जवळजवळ हिसकावली, बूच घट्ट बसवलं आणि झग्याच्या खिशात कोंबली.

"चोरणार न्हाई म्या तुजं थेंबभर डिझेल," बेलार्मिनो पुटपुटला.

"तू न्हाई चोरत. तुजं हे धूड चोरतंय. मागच्या साली येका बाटलीत दोन वाफं भिजायचं, आता येकातच तळ दिसतोय."

"म्हातारं झालंय ते."

"मग जेवण तरी कमी करावं की!"

सेर्रोती वाडीची विहीर नदीच्या वाळूत होती. नदी म्हणजे नावालाच. पावसाळ्यात चार दिवस लाल पाणी धो धो करत यायचं, बाकी साल तिच्या पात्रात पोरं फुटबॉल खेळायची. पण वाळूच्या पोटात पाणी असायचं आणि त्यावर दहा-बारा घरं जगायची. इंजिन सगळ्यांचं, चालवणारा बेलार्मिनो, डिझेल मात्र ज्याचं त्यानं आणायचं. आपली बाटली लावायची, इंजिनानं ती पिऊन संपवली की आपली पाळी संपली. तिथं पाणी कुणी तासावर मोजत नसे. "तुझा कांदा किती बाटल्यांचा?" असंच विचारत. आणि इंजिन सुरू असेपर्यंत माणूस नळीला धरून उभा असायचा. वाफा भरला रे भरला की बोंब ठोकायची: बंद!

ओतीलियाचा मुलगा निल्दो या बाटलीपायीच गेला होता. नवरा आधीच वारलेला. घरात दोन माणसं आणि बाटली एकाच्या पोटापुरती. मिशी नुकती फुटली होती तेव्हा तो बसच्या पायरीवर चढला आणि म्हणाला, "माजं पोट मावत न्हाई ग या बाटलीत, आई." साओ पाउलोला सिमेंट वाहायला लागला. तिथंच लग्न केलं, मुलगी झाली. नातीला ओतीलियानं फोटोतच पाहिलेली. तिच्या मनात दुसरं काही नव्हतंच. पोरगा परत यावा, एवढंच. त्यासाठी ती देवाशी भांडायची, सरपंचाशी भांडायची, आणि कुणीच समोर नसलं की बेलार्मिनोशी भांडायची. तो निल्दोचा धर्मपिता. बारशाला बाळ त्यानंच हातावर धरलं होतं, म्हणून ती त्याला कोम्पाद्रे म्हणायची आणि तो तिला कोमाद्रे.

त्या साली सहकारी संस्थेची माणसं आली. काचेच्या पाट्या लावून उन्हावर चालणारा पंप देऊ म्हणाली. निम्मा खर्च संस्थेचा, निम्मा वाडीचा. चॅपलच्या अंगणात बैठक भरली आणि दुपारभर नुसता गोंधळ.

"तारेची वीज घ्यावी," एकजण म्हणाला.

"कोणती तार?" ओतीलिया उठलीच. "तारेवर गिधाड बसलं तरी दिवा जातुय. मागं नाताळाला गेली ती जानेवारीत, तीन राजांच्या सणाला आली. आन् बिल? ते मात्र येक डाव चुकलं न्हाई. वीज आली न्हाई तरी बिल आलं!"

माणसं हसली. बेलार्मिनो हसला नाही. टोपी गुडघ्यावर ठेवून तो उभा राहिला.

"इंजिन दिसतंय तरी. बिघडलं तर म्या पान्हा घेऊन बसतो. ह्या काचा बिघडल्या तर कुणाच्या बापाला कळतंय? गारा पडल्या तर? बकऱ्या वर चढल्या तर? आन् ढग आलं म्हंजी?"

"ढग आलं तर पाऊस पडंल, कोम्पाद्रे! पावसात पंप कशाला लागतोय तुला?"

"रातचं काय?"

"रातचं तुजा कांदा पाणी पितोय का?" ओतीलिया आता थांबणार नव्हती. "ऐका माजं. इंजिनाला डिझेल लागतंय. डिझेलला बाजारगावी जावं लागतंय. जायाला मोटारसायकल लागती, तिला पेट्रोल लागतंय, आन् येवढं करून गेलं तर पंपावर पाटी, माल संपला. ह्यो वरचा," तिनं बोट आभाळाकडं केलं, "ह्याच्याकडचा माल कवा संपल्याला बघितलाय का कुणी? आपल्याला जाळून काढतोय वर्सभर, फुकट. आता जरा कामाला लावू त्येला."

बैठक तिथंच तिनं जिंकली. आपल्या वाट्यासाठी तिनं पाच शेळ्या विकल्या. त्यात एस्त्रेला होती, कपाळावर चांदणी असलेली, तिच्या हातातला गुळाचा खडा ओढून खाणारी. व्यापाऱ्याच्या टेम्पोत चढवताना एस्त्रेला मागं वळून ओरडली, तेव्हा ओतीलियानं घरात जाऊन उगाच भांडी आपटली.

पंप बसला त्या सकाळी सगळी वाडी विहिरीवर. ऊन टेकडीवरून खाली उतरलं, काचांवर पडलं, आणि ना धूर ना खोकला, नळीतून पाणी आलं. ओतीलियानं ओंजळीत घेतलं, तोंडावर मारलं आणि तिथंच रडायला लागली. बेलार्मिनो लांब उभा होता. त्यानं इंजिनावर गोणपाट टाकलं, कडा चारी बाजूंनी दोरीनं बांधल्या आणि घरी गेला.

त्याच दिवशी तिनं निल्दोला फोन लावला.

"ये रे आता. पाणी फुकट झालंय."

निल्दो आला. जूनमध्ये, संत जोआंवच्या जाळांच्या सणाला, बायको नेयदे आणि पोर तायनाला घेऊन. घरासमोर लाकडं पेटली, मक्याची कणसं भाजली, आणि ओतीलिया एवढी नाचली की दुसऱ्या दिवशी तिला उठता येईना. तायना आजीला एक क्षण सोडेना. दुधाच्या रिकाम्या डब्यात तिनं कोथिंबीर लावली आणि दिवसातून दहादा पाणी घालू लागली.

"आगं, बुडवशील की तिला," नेयदे म्हणायची.

"घालू दे," आजी म्हणायची. "सूर्य काय पावती फाडतोय व्हय?"

हे वाक्य वाडीत सगळ्यांच्याच तोंडी बसलं. पंप उजाडल्यावर लावायचा तो दिवस मावळल्यावर बंद. नळीला धरून आता कुणी उभं राहत नव्हतं. वाफे भरून पाणी वाटेवर यायचं, वाटेवरून पुन्हा नदीत जिरायचं, पोरं त्यात लोळायची, डुकरं लोळायची. ओतीलियासारखीच इतरांनीही आपली पोरं बोलावली. मोकळ्या माळावर कलिंगडं झाली, पपया झाल्या. निल्दोनं तर घरामागचं काटवन तोडून सगळा कांदा लावला. आणि सगळ्यांत आधी जी "बंद!" म्हणून बोंब ठोकायची ती ओतीलिया ओसरीवर नातीची वेणी घालत बसायची. नळी कुठं वाहतेय हे तिनं मान वळवूनही पाहिलं नाही. तिचं सुख तिच्या मांडीवर बसलं होतं, ती कशाला पाहील?

ऑक्टोबरात एका सकाळी नेयदेनं कॉफीचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"मामी, साखरेऐवजी मीठ पडलं काय?"

ओतीलियानं चव घेतली. मग उठून विहिरीचं पाणी बोटानं जिभेला लावलं. मचूळ लागलं. कुणाला काही बोलली नाही. तिला वाटलं, होईल ठीक. काही दिवसांत तायनाच्या डब्यातली कोथिंबीर कडेनं पिवळी पडली. पोर म्हणाली, पाणी कमी पडतंय, आणि आणखी पाणी घातलं. मग कांद्याची पात जळाली. मग नळीतून पाण्याबरोबर वाळू आली, मग नुसती वाळू, आणि एका लख्ख, निरभ्र दिवशी नुसता वारा.

काचा धडधाकट होत्या. पंपही धडधाकट होता. ऊन तर असं होतं की दगड फुटावा. फक्त विहिरीत पाणी नव्हतं.

निल्दो खाली उतरून दोन दिवस वाळू उपसत होता. बेलार्मिनो वरून बादल्या ओढत होता. तिसऱ्या दिवशी कुदळ खडकावर खणकन वाजली. तो आवाज ओसरीवर ओतीलियापर्यंत ऐकू आला.

संध्याकाळी ती बेलार्मिनोच्या दारात गेली.

"तुला म्हाईत व्हतं, कोम्पाद्रे. म्हणून तू नगं म्हणत व्हतास. मग धडपणी बोलला का न्हाईस? माजं तोंड दाबायचं व्हतंस! थोबाडीत मारायची व्हतीस!"

बेलार्मिनो टोपीची कड चिमटीत चोळू लागला.

"मला कुठलं म्हाईत, कोमाद्रे," तो म्हणाला. "म्या गारा म्हनलं, बकऱ्या म्हनलं, ढग म्हनलं. पान्याचं माज्या सपनात बी आलं न्हाई. मला फकस्त माजं इंजिन बंद पडायला नगं व्हतं."

तिला कुणीतरी दोषी हवं होतं आणि तेही मिळालं नाही. इंजिन महाग होतं, आज चालेल तर उद्या रुसेल असं होतं, म्हणूनच विहीर इतकी सालं टिकली होती, हे आता वाडीतल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. कळून उपयोग काय? आता टँकर यायचा, तोही आला तर, पिण्यापुरता.

नाताळाच्या आधी निल्दोनं पेट्या बांधल्या. बसच्या वळणावर सगळे उभे होते. तायना कोथिंबिरीचा डबा बरोबर न्यायचा म्हणून हट्टाला पेटली होती. नेयदेनं समजावलं, त्यात आता काही नाही ग, वाळलंय सगळं. मग पोरीनं तो आजीच्या हातात दिला.

"आजी, तू पानी घाल हां."

"घालते," ओतीलिया म्हणाली.

निल्दोनं आईला मिठी मारली. "तुजी चूक न्हाई, आई."

हेच तिला सोसवेना. त्यानं शिव्या घालाव्यात, माझं तिथलं चालतं काम सोडवून मला इथं आणलंस आणि उपाशी मारलंस म्हणून ओरडावं, असं तिला वाटत होतं. तो ओरडला नाही. उलट म्हणाला, "तू बी चल की आमच्यासंगं. काय ऱ्हायलंय हितं?"

"मग नदी आली, हीर भरली, तर ती काचांची कळ कोन बंद करंल?"

निल्दोनं पेट्या उचलल्या. बस आली आणि गेली. धूळ खाली बसायला बराच वेळ लागला. तोवर ती तिथंच उभी होती, रिकामा डबा पोटाशी धरून.

मार्चमध्ये नदी आली. थोडीच आली, पण आली. लाल पाणी ओसरलं आणि आठवड्यानं बेलार्मिनोनं विहिरीत दोरी सोडली. वर ओढली तर टोकाशी वीतभर ओली. त्यानं धावत जाऊन ओतीलियाला हाक मारली. तिनं बादलीतलं पाणी जिभेला लावलं. गोड होतं.

पण या वेळी तिनं तोंडावर मारलं नाही. ती घरात गेली आणि आपली जुनी डिझेलची बाटली घेऊन आली. बुडाला खिळ्यानं बारीक भोक पाडलं, आत कोरडी वाळू भरली आणि बूच उघडून पंपाजवळच्या फांदीला टांगली.

"हे काय ग?" बेलार्मिनोनं विचारलं.

"इंजिन प्यायचं त्येवढाच येळ. वाळू सपली की पाळी सपली. मंग तो वरचा किती बी तापू दे."

उरलेल्या चार घरांनी मान डोलावली. बाकीची घरं बंदच होती.

तेव्हापासून सकाळी बाटलीभर वेळ पंप चालतो. बाकीचा दिवस त्या काचांना दुसरं काम नाही, म्हणून बेलार्मिनोनं एक तार काढून दिलीय. त्यावर वाडीचे फोन चार्ज होतात. पहिल्याच आठवड्यात पंप चालू असताना ओतीलियाचा फोन वाजला. निल्दो होता. मागं गाड्यांचा आणि लोखंड ठोकण्याचा आवाज येत होता.

"आई, हितं बातमीत दावलं, तिकडं पाऊस झाला म्हनं. नदी आली का?"

ओतीलियाच्या पायाशी नळीतून पाणी वाहत होतं. स्वच्छ, थंड. तायनाच्या डब्यात तिनं नवं बी टाकलं होतं, त्याला दोन पानं फुटली होती. समोर बेलार्मिनो बाटलीखाली उकिडवा बसला होता आणि गळणारी वाळू पाहत होता.

"तायना साळंत जाती का?" तिनं विचारलं.

"जाती की. रमलीय. आन् मला बी मुकादमानं कायम केलंय. पन तू सांग ना, पानी आलं का हिरीला? आलं आसंल तर म्या..."

"न्हाई रे," ओतीलिया म्हणाली. "शिंतोडं पडलं नुसतं. हीर तशीच हाय. कोरडी."

बेलार्मिनोनं मान वर केली. तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही.

"तुजा आवाज नीट येत न्हाई, आई. पाण्यावानी आवाज येतोय मागं."

"वारा हाय त्यो. ऱ्हा तू तितंच. पोरीला बघ."

तिनं फोन खिशात ठेवला. बेलार्मिनोनं टोपी काढून छातीशी धरली, जशी मयताला धरतात. मग त्याचं लक्ष बाटलीकडं गेलं. शेवटची वाळू गळत होती.

"बंद, कोमाद्रे," तो हळू आवाजात म्हणाला.

तिनं पुढं होऊन कळ दाबली.