तिसऱ्या नंबरचे सिलिंडर

शेडच्या कोपऱ्यात जाड कापडाखाली एकोणीस वर्षे उभी असलेली ती लहानशी मोटार दुसऱ्या दिवशी भंगारात जावयाची होती. मोठ्या मिस्त्रींनी भंगारवाल्यास तसा शब्दच दिला होता. परंतु सकाळीच त्यांची पुतणी दारात येऊन उभी राहिली. सख्ख्या भावाची मुलगी. पण आजवर तिला त्यांनी लांबूनच पाहिलेले.

"मोठे काका, गाडी जायच्या आधी एकदा इंजिन उघडू द्या."

"बापानं पाठवलं का?"

"बाबांना पत्ता नाही. मी पण हेच काम करते. ते म्हणतात, पिस्टन मोजून बसवले होते. तुम्ही म्हणता, नाही. उद्या इंजिन गेलं की दोघं जन्मभर म्हणतच बसाल."

"मग उघड की! हातच्या काकणाला आरसा कशाला?" मिस्त्री म्हणाले. संशयाला त्यांनी एकोणीस वर्षे मनात थाराच दिला नव्हता.

ती मोटार दोघा भावांनी मिळून घेतलेली. तिच्या इंजिनात पाण्याचा थेंब नसे. मागच्या बाजूचा पंखा पत्र्याच्या आवरणातून चारही सिलिंडरांवर वारा सोडी, आणि त्या वाऱ्यावरच ते निवे. सुट्टीच्या दिवशी आई मागच्या बाकावर टोपली मांडीवर घेऊन बसे. जाताना एकाने चालवायची, येताना दुसऱ्याने. तो खडखडाट गल्लीच्या तोंडाशी आला की शेजारी म्हणत, "आली यांची शिवणयंत्राची बहीण!" आणि आई सर्वांच्या आधी हसे.

पुढे धाकट्याने इंजिनात चार नवे पिस्टन बसविले. पहिल्याच सहलीत, ऐन चढावर, इंजिन जाम झाले. आईला उन्हातून अर्धा डोंगर पायी उतरावा लागला. त्या संतापात मोठा चारचौघांत बोलून गेला, "पिस्टनला भोवती मोकळीक ठेवावी लागते, एवढं कळत नाही? हात आहेत का फावडी?" धाकटा त्याच दिवशी शेड सोडून गेला. आणि आई, दोन्ही मुलांना पुन्हा एकत्र पाहिल्यावाचूनच, गेली.

पुतणीने पुलीच्या नटावर पाना लावला व त्या दिवशी निवल्यावर सुटलेले इंजिन हाताने सावकाश फिरविले. एकदा सिलिंडरात दाबल्या गेलेल्या हवेने हात अडला. पुन्हा अडला. मग मात्र काही न अडता आतून नुसती फुस्स अशी हवा गेली. पुढे पुन्हा अडला.

"तिसरा नंबर," दोघेही एकदमच म्हणाले.

मिस्त्रींना हसू आले. "कान घरचाच आहे हो तुझा."

"जीभ पण," ती म्हणाली. "जपून राहा."

दुपारपर्यंत दोघांनी इंजिन खाली घेतले. तिने तिसरे सिलिंडर काढले. आतला पिस्टन वरच्या अंगाने खरवडलेला, जणू कोणी कानशीच फिरविली आहे.

"बघ! मोकळीक नाही ठेवली."

"मग बाकीचे बघू." तिने उरलेली तिन्ही एकामागून एक काढली. साध्या ओरखड्याचेही नाव नव्हते. "चारही एकाच हातांनी, एकाच मापानं बसवलेत ना काका? मोकळीक कमी असती तर चारही घासले असते."

मिस्त्रींनी तिसरे सिलिंडर उचलून उजेडात धरले. बाहेरून, वरच्या अंगाला, वारा जावयाच्या पात्यांमध्ये, काळे काहीतरी घट्ट रुतलेले होते. पुतणीने ते चिमट्याने ओढून काढले. करपलेल्या चिंधीचा बोळा. मध्ये तळहाताएवढा भाग तेवढा शाबूत, त्यावर निळी फुले.

"उंदरांनी नेलं असेल," ती म्हणाली. "इतकी वर्षं गाडी उभी आहे."

मिस्त्रींनी तो तुकडा तिच्या हातून घेतला.

आईने घरचे जुने पडदे फाडून दोघांना पुसावयास दिले होते. चिंध्यांवरून देखील दोघे भांडत, म्हणून तिने वाटणीच करून टाकली: फुलांचे थोरल्याचे, पट्ट्यांचे धाकट्याचे. इंजिन धुताना पाणी आत जाऊ नये म्हणून पंख्याच्या तोंडात चिंधी कोंबण्याची रीत मिस्त्रींची स्वतःचीच होती. सहलीच्या सकाळी इंजिन त्यांनीच धुतले होते. आई "चला रे, ऊन होईल" म्हणून हाका मारीत होती. त्या घाईत कोंबलेली चिंधी काढायची राहिली, ती पंख्याने आत ओढून घेतली, आणि तिसऱ्याचा वारा बंद होऊन त्यातला पिस्टन तापून अडकला.

मुलीला यातले काहीच ठाऊक नव्हते. उंदीर म्हटले असते तर उंदरावरच भागले असते.

"उंदीर नाही, पोरी," ते म्हणाले. "माझी आहे ती. बाप घरी आहे का?"

संध्याकाळी ते पुतणीबरोबर गेले, तेव्हा धाकट्याने दार उघडले. थोरल्याला पाहून तो बाजूला झाला नाही, की ये म्हणाला नाही. मिस्त्रींनी मूठ उघडली. त्याने चष्मा वर करून बराच वेळ पाहिले.

"फुलांचं," तो म्हणाला.

"हो. तिसऱ्यावर होतं. मी चुकलो रे."

"पट्ट्यांचं सापडेल असं वाटलं असतं, तर एकोणीस वर्षांपूर्वीच उघडलं असतंस तू."

मिस्त्रींनी मान खाली घातली. ते खरेच होते.

धाकट्याने विचारले, "बाकीचे तीन?"

"आरशासारखे."

धाकट्याने चिंधी घेतली, नीट घडी करून खिशात ठेवली, आणि दारामागच्या चपला पायात सरकवीत मुलीला म्हणाला, "भंगारवाल्याला नको म्हणून सांग. आणि दादा, पंख्याला हात लावायचा नाहीस."