घटातले जव

"एवढ्या बाजूलाच का काही न्हाय रं?" अयोध्याबाई घटापुढे वाकून लेकाला म्हणाल्या. पाचवी माळ झाली होती. घटाभोवतीची ज्वारी आणि गहू चार बोटं वर आले होते. जव टाकलेली बाजू मात्र काळी ती काळीच.

हे लचांड बजरंगचेच होते. उमरग्याजवळच्या व्हिस्कीच्या कारखान्यात त्याला पोती शिवायचे काम लागले आणि दारूचे काम म्हणून आईने धोशा लावला, सोड. "देवीलाच इचारू," तो ऐटीत म्हणाला होता, "कारखान्यातलं जव घटात टाकू. उगवलं तर तिला मान्य." घ्या आता! काम तर आवडायला लागलेले. पुन्हा पुण्याला रखवालदारी करायला जायचे नुसते मनात आले तरी त्याला रडू येई.

दुसऱ्या दिवशी तो कारखान्यातल्या, जवांना मोड आणायच्या खोलीत गेला. सत्यभामामावशी फावड्याने ओले जव खालीवर करत होत्या. त्याचे ऐकून त्यांना हसू आवरेना.

"आरं येड्या, तुज्याकडं येतंय ते भाजून येतंय! हितं भिजवायचं, मोड फुटला की गरम हवेवर वाळवायचं. लई वाढू दिलं तर गोडी जाती. एकदा उगवलेलं दुसऱ्यांदा कसं उगवंल?"

त्यांनी मोड आलेले मूठभर जव त्याच्या रुमालात बांधले. "दे खोचून घटात. कुणाला कळतंय."

संध्याकाळी आई गोठ्यात होती. रुमाल सोडून बजरंग घटापुढे बसला, पण हात काही पुढे जाईना. देवीला विचारायचे आणि उत्तरही आपणच द्यायचे, हे त्याच्याने होईना. आई आल्यावर त्याने सगळे सांगून टाकले. खिशातला भाजलेला दाणाही तिच्या हातावर ठेवला.

"कसं लागतंय?"

"गोड."

उपवास होता, नाहीतर अयोध्याबाईंनी तो तिथेच तोंडात टाकला असता. त्यांनी दाणा पदराच्या गाठीला बांधला. कामाचे विचारायची बजरंगची छाती झाली नाही.

दसऱ्याला उपवास सोडताना त्यांनी आधी तोच दाणा चावला. डोळे मिटून, बराच वेळ. बजरंग जीव मुठीत धरून बघत राहिला.

"गोड हाय की रं," त्या म्हणाल्या. मग ताट पुढे ओढत सहज सांगितले, "पुढल्या साली घटाला आणशील ते भाजायच्या आदी आण."

बजरंगने तोंड फिरवून डोळे पुसले आणि पाळीवर निघाला. मोडांना दसऱ्याची सुट्टी नसते.