चढावरचा दुसरा गिअर

मित्रांनो, जिन्याखाली मोडका पाळणा आणि रंगाचे रिकामे डबे यांच्या शेजारी धुळीने माखलेली जी मोटारसायकल उभी आहे ना, ती मी. येणारेजाणारे माझ्या सीटवर पिशव्या टेकवतात, माझ्या आरशावर ओली फडकी वाळत घालतात. राग येत नाही असे मी म्हणणार नाही. येतो. पण उभ्या जागी रागावून करणार काय? त्यापेक्षा तुम्ही आलाच आहात, तर जरा बसा आणि माझी गोष्ट ऐका.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. एका सरकत्या पट्ट्यावरून आम्ही सगळ्या बहिणी रांगेने पुढे जात होतो. कोणी आम्हाला चाके बसवी, कोणी टाकी, कोणी दिवा. शेवटी एकाने माझ्याभोवती फेरी मारली, हॉर्न वाजवून पाहिला आणि माझ्या टाकीवर 'उत्तम' अशी चिठ्ठी चिकटवली. मी अगदी फुलून गेले. पोटात एक दुखणे घेऊन मी जन्मले आहे, हे त्यालाही कळले नव्हते आणि मलाही.

हे दुखणे काय, ते आधी सांगते. आमच्या पोटात गिअर असतात. गिअर म्हणजे दात असलेली पोलादी चाके. ती शेजारच्या चाकाला घट्ट धरून फिरतात, तेव्हा कुठे आमचे मागचे चाक फिरते. माझ्या दुसऱ्या गिअरचे हे धरायचे दात पहिल्यापासूनच थोडे बोथट होते. गाडी थंड असली, रस्ता सपाट असला, पाठीवर ओझे नसले, तर वेळ निभावून जाई. पण मी चांगली तापले, पाठीवर ओझे असले आणि समोर चढ आला, की त्या दातांची पकड सुटे. खटाक् असा आवाज होई, इंजिन मोकाट ओरडू लागे आणि मी चढावर जागच्या जागी थबके.

दुकानात माझ्याकडे पुष्कळ लोक आले. सगळे रंग पाहत, आरशात केस नीट करून घेत आणि निघून जात. एक दिवस एक तरुण बाई आली. तिने रंगाकडे ढुंकूनही पाहिले नाही. ती खाली वाकली आणि तिने माझा गिअरचा पाय, म्हणजे गिअर बदलायचा दांडा, हाताने दाबून पाहिला. पुढून पंजाने दाबला की गिअर चढतो, मागून टाचेने दाबला की उतरतो, पाऊल वर उचलावे लागत नाही, याची तिने खात्री करून घेतली आणि म्हणाली, "हीच द्या."

त्याचे कारण मला पुढे समजले. तिचा डावा घोटा लहानपणी मोडला होता आणि तो पुरता वाकत नसे. ती थोरल्या भावाच्या सायकलवरून पडली होती. सायकल दादा चालवत होता. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, तसे दादाचे झाले होते. त्या दिवसानंतर बहिणीने स्टूलवर चढायचे म्हटले तरी तो खालून स्टूल धरून उभा राही. मला घरी आणले तेव्हाही तो माझ्याभोवती फिरून म्हणाला, "गाडी छान आहे गं, पण गिअरची कशाला? तुझ्या पायाला झेपणार आहे का?"

"पायाला विचारलंय मी," ती म्हणाली. "तो हो म्हणाला."

तिचे काम घरोघरी जाऊन तपासणीसाठी रक्ताचे नमुने घेण्याचे होते. त्यामुळे सगळे तिला सुईताई म्हणत. माझ्या पाठीवर बर्फाची एक जड पेटी बांधलेली असे. रोज सकाळी आम्ही दोघी निघत असू. एका घरी आजोबा, दुसऱ्या घरी बाळंतीण, तिसऱ्या घरी पलंगाला खिळलेले कोणी. सुईताई म्हणे, "काही नाही आजोबा, मुंगी चावल्यासारखं वाटेल." आजोबा म्हणत, "मुंगी कसली, विंचू आहेस तू विंचू!" आणि तिला चहा घेतल्याशिवाय सोडत नसत. मी दाराशी उभी राहून हे सारे ऐके. त्या पेटीतल्या चिमुकल्या नळ्यांवर कोणाची ना कोणाची झोप अवलंबून आहे, हे समजायला लागल्यापासून मी खड्डेही सांभाळून घेऊ लागले.

लॅब टेकडीवर होती. सगळी घरे संपली की पेटी भरलेली, मी तापलेली आणि समोर तो लांबलचक चढ. तेथेच एक दिवस पहिल्यांदा माझी पकड सुटली. खटाक्! मागून एक ट्रक येत होता. त्याने करकचून ब्रेक लावला आणि ड्रायव्हरने खिडकीतून डोके बाहेर काढले. "चालवता येत नाही तर रस्त्यावर येता कशाला?"

 सुईताईने मला ढकलत कडेला घेतले आणि आपल्या डाव्या पायाकडे पाहिले. मित्रांनो, मला त्या ट्रकवाल्याचे काही वाटले नाही. तिच्या त्या पाहण्याचे फार वाईट वाटले.

माझी वॉरंटी होती. वॉरंटी म्हणजे ठरलेल्या मुदतीत गाडीत दोष निघाला, तर कंपनी तो फुकट दुरुस्त करून देणार असे वचन. सुईताई मला सर्व्हिस सेंटरमध्ये घेऊन गेली. तेथले साहेब मोठे टापटिपीचे. पांढराशुभ्र शर्ट, खिशाला कंगवा, आणि तोंडात सदा एकच शब्द, 'चकाचक'. लोक पाठीमागे त्यांना चकाचक साहेबच म्हणत. माणूस वाईट नव्हता. पण त्यांचा एक नियम होता. आलेली गाडी आधी धुवायची आणि मगच तपासायची.

"घाणेरड्या गाडीला माझ्याकडे कोणी हात लावत नाही," ते अभिमानाने सांगत. "पेशंटसुद्धा अंघोळ करून डॉक्टरकडे जातो की नाही?"

झाले! आत शिरल्याबरोबर माझ्यावर पाण्याचा फवारा सुरू होई. तापलेले माझे अंग चर्र आवाज करी, वाफ निघे, आणि बघता बघता मी थंडगार पडे. मग फडक्याने पुसून मला सावलीत वाळवत. सुईताईची पेटी आधीच उतरवलेली असे. मग साहेब स्वतः येत, रुमाल घालून सीटवर बसत आणि मागच्या सपाट रस्त्यावर मला फिरवून आणत. थंड गाडी, मोकळी पाठ, सपाट रस्ता! माझा दुसरा गिअर इतका शहाण्यासारखा वागे, की मलाच त्याचा राग येई. डॉक्टरच्या दारात पाऊल टाकले की दाढ ठणकायची थांबते ना, तशातला प्रकार.

"चकाचक आहे," साहेब म्हणत.

तरीही त्यांनी प्रयत्न केले, हे खोटे कशाला बोलू? पहिल्या वेळी ऑइल बदलले. पुढच्या वेळी क्लचची वायर बदलली. त्यानंतर गिअरचा पायच नवा बसवला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! प्रत्येक वेळी सुईताई आनंदाने मला घेऊन जाई, आणि थोडे दिवस गेले की त्याच चढावर पुन्हा तोच खटाक्.

शेवटी एकदा ती दादाला सोबत घेऊन आली. साहेबांनी मला धुतले, फिरवले आणि परत आणून उभे केले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "ताई, राग मानू नका. गाडीत काही दोष नाही. तुमचं पाऊल गिअरवर पुरतं बसत नसेल. अर्धवट बसलेला गिअर सुटणारच."

"मी पूर्ण दाबते, साहेब."

"तुम्हाला तसं वाटतं. पण पायाचं असं असल्यावर..."

दादाने मान खाली घातली. तिचा कैवार घ्यायचा की साहेबांचे खरे मानायचे, हे त्याला कळत नव्हते. बाहेर आल्यावर तो एवढेच म्हणाला, "मी तुला आधीच म्हटलं होतं."

त्या संध्याकाळी सुईताई घरामागच्या ओट्यावर माझ्यासमोर बसली. तिने बूट काढला. घोटा हातात धरून तो वळवून वळवून पाहिला. "तूच का रे?" ती पायाला म्हणाली. "मला का नाही सांगितलंस?"

मला ओरडून सांगावेसे वाटत होते, अगं, त्या बिचाऱ्याला कशाला बोल लावतेस? दुखणे माझे आहे, माझ्या पोटात बघ! पण आम्हाला वाचा कुठे असते? पेट्रोल असले आणि कोणी किक मारली, तरच आमचा आवाज. आयुष्यात पहिल्यांदा मला मोटारसायकल असण्याचा कंटाळा आला.

मग सगळेच उलटे फिरू लागले. सपाट रस्त्यावरही ती बिचकू लागली. लॅबच्या बाईंनी तिला विचारले, "टेबलावरचं काम घेतेस का?" बोलणे मायेचेच होते, पण तिच्या जिवाला ते लागले. माझे गिऱ्हाईक दादाने शोधले. विकण्याआधी वॉरंटीतली शेवटची सर्व्हिसिंग करून घ्यावी, एवढीच गिऱ्हाइकाची अट होती. मुदत संपतच आली होती. सुईताई म्हणाली, "बरं." इतकी हरलेली ती मला कधीच वाटली नव्हती.

त्या दिवशी आम्ही फेरी संपवून तशाच सर्व्हिस सेंटरला गेलो. पेटी भरलेली होती, आणि मी तव्यासारखी तापलेली. दारात चकाचक साहेब सुतकी चेहऱ्याने उभे. पाण्याच्या पंपाची मोटर जळली होती. सगळीकडे धुळीने माखलेल्या गाड्या, आणि त्यात साहेबांचा पांढरा शर्ट.

"आज ठेवून जा. पंप सुरू झाला की धुऊन बघतो."

"ठेवता येणार नाही, साहेब. पेटीत नमुने आहेत. वेळेत लॅबला पोचले नाहीत तर वाया जातील, आणि मला त्या सगळ्यांना पुन्हा टोचावं लागेल."

साहेबांनी माझ्या मडगार्डकडे पाहिले, नाक मुरडले, पेटीकडे पाहिले. शेवटी खिशातला रुमाल सीटवर अंथरून म्हणाले, "असं करू. मी चालवतो, तुम्ही मागे बसा. नमुने पोचतील आणि चाचणीही होईल. एका दगडात दोन पक्षी."

पेटी सुईताईने मांडीवर घेतली. आम्ही निघालो. मित्रांनो, साहेब गाडी सुरेख चालवत, यात शंका नाही. चढ लागला. त्यांनी ऐटीत टाच दाबून दुसरा गिअर टाकला. मी तापलेली होते, पाठीवर दोन माणसे आणि बर्फाची पेटी होती. मी काहीच केले नाही. फक्त नेहमीसारखी चढू लागले.

खटाक्!

"अरेच्चा," साहेब म्हणाले. "माझं पाऊल जरा..."

आणि तेथेच त्यांचे वाक्य थांबले.

मागे सुईताईने पेटी घट्ट धरली. साहेबांनी पुन्हा गिअर टाकला, या वेळी पायात सगळा जोर आणून. थोडे पुढे गेलो आणि पुन्हा खटाक्! त्यांनी मला कडेला घेतले, दोन्ही पाय टेकले, आणि आपल्या डाव्या पायाकडे पाहिले. अगदी सुईताई पाहत असे, तसेच.

"साहेब," ती मागून हळूच म्हणाली, "पाय लहानपणी मोडला होता का हो तुमचा?"

 साहेब मागे वळून म्हणाले, "ताई, मी चुकलो. तुम्ही सांगत होता ते मी ऐकायला हवं होतं. मी आपला गाडी धूत बसलो."

सुईताई हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. पेटीवर थेंब पडत होते, ते तिने ओढणीने पुसले. नमुने मात्र वेळेत पोचले.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने माझे पोट उघडले. बोथट दात सगळ्यांसमोर टेबलावर आले. पुढे वॉरंटीतून नवा गिअर आला, बसवला गेला, आणि साहेबांनी तापलेल्या, न धुतलेल्या मला स्वतः टेकडीवर नेऊन आणले. दादा न्यायला आला, तेव्हा त्यांनी तो जुना गिअर त्याच्या तळहातावर ठेवला. "हा गुन्हेगार. बहिणीच्या पायाला मी उगाच नावं ठेवली. तुम्हीही ठेवू नका."

दादाने तो तुकडा बराच वेळ हातात धरला. नंतर किल्ली सुईताईला दिली आणि माझ्या मागच्या सीटवर बसला. त्या जुन्या पडण्यानंतर तो कधीच तिच्या मागे बसला नव्हता. निघताना त्याने मागची दांडी दोन्ही हातांनी आवळून धरली होती. चढ सुरू झाला. सुईताईने टाच दाबली. नव्या दातांनी शेजाऱ्याला घट्ट धरले, आणि मी एका दमात वर निघाले. मध्यावर आल्यावर दादाची एका हाताची पकड सुटली, मग दुसऱ्या हाताची.

"अगं, एवढी हळू काय चालवतेस?" तो म्हणाला. "घे की जोरात!"

त्यानंतर आम्ही दोघींनी पुष्कळ वर्षे तो चढ पार केला. आता माझ्या अंगाला गंज चढला आहे, आणि सुईताईच्या केसांत पांढरे आले आहे. लॅबने तिला नवी गाडी दिली आहे. तरी अधूनमधून ती येते, माझ्यावरच्या पिशव्या उचलते, बसते आणि पंजाने दुसरा गिअर टाकून पाहते. तो अजून घट्ट बसतो. ती समाधानाने मान हलवते आणि जाते.

मित्रांनो, आमची काळजी घ्या. आम्हाला जरूर धुवा, पुसा, चमकवा, आम्हाला ते आवडते. पण कोणी तुमच्याकडे येऊन, "मला इथे दुखतंय," असे सांगितले, मग ती गाडी असो, मैत्रीण असो की घरातले कोणी असो, तर त्याला आधी थंड करू नका आणि आधी त्याच्या पावलात खोटही शोधू नका. तो तापलेला असतानाच त्याच्या ओझ्यासकट त्याला बरोबर घ्या, आणि जेथे त्याचे दुखते त्या चढावर एकदा तुम्ही स्वतः जाऊन या.