कडी न लावणारं गाव

आम्ही फोनवरून लोकांची मतं गोळा करतो. म्हणजे काय, तर ओळख ना पाळख अशा माणसाला भरल्या ताटावरून उठवायचं आणि विचारायचं, शेजारच्या बड्या देशाची तुम्हाला भीती वाटते का? शिव्या खायची सवय झाली की काम सोपं आहे.

मागच्या फेरीत सीमेवरच्या एका गावाचे फोन लागेनात. साहेबांना तर संध्याकाळपर्यंत आकडे हवे होते. मग सगळे करतात तेच मी केलं. अकरा फॉर्म बसल्या जागी भरून टाकले. ताईला त्याच गावात दिलेली, तेव्हा तिथल्या लोकांच्या मनातलं मला कळतंच, अशी मी स्वतःची समजूत घातली. शेवटी 'तुमच्या शब्दांत सांगा' असा एक रकाना असतो. तो कोणी वाचत नाही म्हणून अकराही ठिकाणी एकच वाक्य ठोकून दिलं: ते आले तर येऊ देत, आम्ही दाराला कडी लावत नाही.

नेमका तोच रकाना वाचला गेला. पेपरांनी छापला, टीव्हीवर जाणकार हमरीतुमरीवर आले, पलीकडच्या सरकारने गावाचे जाहीर आभार मानले. मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले.

या फेरीत त्या गावचे फोन पहिल्याच घंटीला लागले. निवृत्त मास्तर, शिंपीणबाई, गिरणीवाला, सगळ्यांनी तेच वाक्य म्हटलं, 'येऊ देत' नंतर जरासं थांबून. पेपरात वाचलं असेल, म्हटलं. पण गिरणीवाल्याच्या मागे कोणी तान्हं रडत होतं, ते थांबलं आणि त्याच वाक्याच्या चालीवर हुंकारू लागलं. साहेब मात्र खूश झाले, आकडे मागच्या फेरीशी किती छान जुळतात म्हणाले.

भर दुपारी मी ताईला फोन लावला. आईमागे तिनेच मला वाढवलं. तिला तिथून बाहेर काढायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

"ताई, दोन कपडे पिशवीत टाक आणि मिळेल त्या बसने इकडे ये. ते वाक्य गावाचं नाही. मी रचलंय."

ती हसली. तिचंच हसू ते, मला हायसं वाटलं. मग सांगू लागली की भावजींनी आता दारंच काढून ठेवलीत, वारा छान खेळतो. तिच्या मागे घरातून माणसं चालल्याचा आवाज येत होता. एका चालीने, न थांबता, न बोलता. कोण आलंय म्हणून विचारलं, तर म्हणाली, असतात.

"ताई, तू निघतेस ना?"

"तुमचं वय किती?" तिने विचारलं. आमच्या फॉर्मवरचा पहिला प्रश्न.

जन्मात तिने मला अहो-जाहो केलं नव्हतं.

"ताई, अगं मी बोलतेय."

"घरात माणसं किती?"

"एकटीच," मी म्हणाले. कोणी शांतपणे विचारलं की माणूस उत्तर देतो, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? पलीकडे कागदावर पेन्सिल चालल्याचा आवाज आला.

"आमची भीती वाटते?"

फॉर्मवर तिथे 'शेजारच्या देशाची' असतं, ती 'आमची' म्हणाली. मी नाही म्हणाले.

"पत्ता सांगा."

पत्ता तिला पाठ होता. तरी मी सांगितला, पिनकोडसकट. निदान ती तरी येईल, या एकाच आशेवर.