बुजवलेली घळ

मी एक जुनी डोंगररांग आहे मित्रांनो, पण प्लास्टरची. राष्ट्रीय उद्यानाच्या माहिती केंद्रात एका लांबरुंद टेबलावर मी पसरले आहे. मला एका शिल्पकार बाईने घडवले. त्यासाठी ती खरी रांग पायी हिंडली. पूर्वेचा उभा कडा, पश्चिमेचा सौम्य उतार, मधली खिंड आणि तिन्ही शिखरांचे पाणी तळ्यात नेणारी खोल घळ, सारे तिने माझ्यात उतरवले आणि वर तेलरंग दिला. उद्यानाचे साहेब तिचे सख्खे थोरले भाऊ. "हे आमच्या धाकटीचे काम," असे ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, तेव्हा माझी शिखरे वीतभर उंच होत.

पुढे साहेबांनी खऱ्या रांगेतल्या त्याच घळीत मोठे विश्रामगृह बांधायचे ठरवले. पैसा घालणारी मंडळी मला पाहायला येणार होती. घळ पाहून ती बिचकतील, म्हणून साहेबांनी माझ्या घळीत माती कोंबली, वर हिरवा जलरंग फासला आणि लाकडाचे चिमुकले विश्रामगृह मांडले. पावसाळ्यात सगळा डोंगर इथूनच वाहतो, माणसे जातील, असे बहिणीने पोटतिडकीने सांगितले. साहेबांनी तिला केंद्राची पायरी चढायला बंदी केली.

तेव्हापासून मी डूख धरला. माझ्यावर धूळ साचली, कोणी शिखरांवर टोप्या अडकवल्या, खिंडीत चहाचे पेले ठेवले. ते मी सोसले. पोटात कोंबलेला तो गोळा मात्र क्षणभरही विसरले नाही. एकदा माझ्या सुळक्याने साहेबांचे बोट चांगलेच खरचटले. मला बरे वाटले.

मंडळी आली त्या दिवशी बहीणही गर्दीतून थेट माझ्यापाशी आली. तिच्या हातात पाण्याची बाटली होती.

"दादा, जरा पाऊस पाडून बघू?"

पाहुण्यांना गंमत वाटली. साहेबांना नाही म्हणता येईना.

तिने शिखरांवर पाणी ओतले. तेलरंगाने एक थेंबही जिरू दिला नाही. मी सारे पाणी त्या एकाच जागी लोटले. हिरवा रंग ओघळला, माती फुगली, मग भसकन सुटली. विश्रामगृह घसरत गेले आणि तळ्यात आडवे झाले.

"इथे माणसं झोपणार होती," ती म्हणाली.

कोणीही हसले नाही. बेत तिथेच बारगळला, साहेबांची बदली झाली. खोटे कशाला बोलू, इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता.

जाण्याआधी साहेब स्वतः बादली घेऊन आले. भाऊ-बहीण दोघे मिळून घळीतला चिखल काढू लागले.

"चुकलं माझं," ते पुटपुटले.

"कोपऱ्यात राहिलंय अजून. नीट काढ," ती म्हणाली.

तिने त्यांना माफ केले असावे. मी केलेले नाही.

मित्रांनो, आम्हाला जपा. अंगावरची धूळ पुसा, पण उतार खरवडू नका, पाण्याची वाट अडवू नका. मी टेबलावरची, म्हणून माझा राग एका बाटलीत भागला. बाहेर उभी आहे ती माझी थोरली. तिच्या हाताशी सारे आभाळ आहे.