गाडीच्या अंगात आलं!

गल्लीत मुंगी शिरायला जागा नव्हती. मधोमध स्टँडवर लावलेली मोटारसायकल चालू होती आणि हुडहुडी भरल्यासारखी थरथरत होती. आरसे हलत होते, नंबरप्लेट खडखडत होती आणि बायाबापड्या हात जोडून उभ्या होत्या. कारण गाडीच्या अंगात आलं होतं! माणसांच्या अंगात येऊन येऊन भुतं कंटाळली असावीत. आता त्यांनी वाहन घेतलं होतं.

"हा तुमचा मुलगाच आहे, माई," आश्रमातून आलेले स्थिरबाबा गाडीच्या म्हाताऱ्या मालकिणीला म्हणाले. "घराची ओढ सुटत नाही त्याला. बघा, आता शांत करतो."

बाबांनी हँडलवर हात ठेवले आणि वरून शाल ओढून घेतली. चेल्यांनी टाळ्यांचा आणि जयजयकाराचा एकच गदारोळ केला आणि काय आश्चर्य! आरसे थांबले, नंबरप्लेट गप्प झाली. बाबांनी हात काढले, की पुन्हा थरथर सुरू.

माईंच्या डोळ्यांना धार लागली. मुलगा आजारपणात गेल्यापासून त्यांनी त्याच्या गाडीला पाना लागू दिला नव्हता. "त्याच्या हातानं आवळलेला बोल्ट कुणी सैल करायचा नाही," असा हुकूमच होता. सून नर्स, ती याच गाडीवरून घरोघरी पेशंटचं ड्रेसिंग करायला जायची. संध्याकाळपर्यंत तिचे हात बधिर व्हायचे, पण सासूबाईंचं मन मोडवत नव्हतं. गाडी थरथरली, की माई पेट्रोलच्या टाकीवर हात ठेवून "आलास का रे?" म्हणायच्या.

"गाडी आश्रमाला अर्पण करा," बाबांनी फर्मावलं. "नाहीतर बिचारा असाच तळमळत राहील."

"नेऊ दे गं," माई रडत म्हणाल्या. "सुटू दे माझं लेकरू."

सुनेचं डोकं फिरलं. गाडी गेली तर गेली. पण हा माणूस एका आईला सांगत होता, की तुझा मुलगा मेल्यावरही तळमळतोय! सिग्नलला थरथरणारी गाडी मूठ जरा पिळली की शांत होते, हे रोज गाडी चालवणाऱ्या तिला पक्कं ठाऊक होतं. पुढं होऊन तिनं शाल बाजूला ओढली.

"बाबा, आता उजव्या मुठीला हात न लावता शांत करा बघू."

"शक्तीचा प्रवाह उजवीकडूनच वाहतो, बेटी!"

"हो ना, ॲक्सिलरेटरही उजवीकडेच असतो!"

गर्दीत खसखस पिकली. "टाळ्या बंद!" ती चेल्यांवर खेकसली. "आई, इकडे या. ही मूठ धरा आणि किंचित पिळा."

माईंनी भीत भीत पिळली. मघाशी टाळ्यांत दबलेला इंजिनाचा आवाज चढला आणि थरथर थांबली.

"अगं बाई, माईंनाही सिद्धी मिळाली!" मागून कुणीतरी ओरडलं. काही लोकांचं खरंच कठीण असतं.

कोपऱ्यावरचा गॅरेजवाला पुढं आला. "कसली सिद्धी घेऊन बसलात! इंजिन फ्रेमला जोडतात तिथं धक्के सोसायला रबरं असतात. ती झिजलीत. इंजिन मंद चाललं की धक्के सरळ गाडीला बसतात, जरा वेग वाढला की कमी होतात. मी केव्हाचा सांगतोय, पण माई पाना लावू देतील तर ना!"

स्थिरबाबांनी तोवर काढता पाय घेतला होता, तोही चांगलाच भरभर.

"आई, बोल्ट सैल करू द्या," सून हळूच म्हणाली. माईंनी मान हलवली.

गॅरेजवाल्यानं इंजिनाखाली जॅक लावला, बोल्ट काढले. आतून रबराचा काळा भुगा पडला. नवी रबरं बसली, गाडी चालू झाली. माईंनी टाकीवर हात ठेवला.

"आता तो नाही गं यात."

"कधीच नव्हता, आई. असता तर त्यानं आधी रबरं बदलली असती."

माई रडता रडता हसल्या. "बदललीच असती. जरा खडखड झालेली चालायची नाही त्याला."

"पण माई," शेजारीण कुजबुजली, "बाबांचा हात लागला तेव्हा काहीतरी..."

माईंनी तिला तिथंच थांबवलं. "चमत्कार दिसला की आपले हात नंतर जोडायचे, आधी समोरच्याचा हात काय करतोय ते बघायचं. मी बघितलं नाही, आणि माझं गेलेलं लेकरू तळमळतंय हे खरं मानून बसले."